दोन ग्लासांची रेघ

जारवर तळापासून चार बोटं उंचीवर एक पांढरी रेघ होती, केसाइतकी बारीक. तिच्याबद्दल माहितीपुस्तिकेत एकच वाक्य होतं: या रेघेच्या खाली भरून यंत्र चालवू नये. नकाशाबाईंनी पहिल्या दिवशी ते वाचलंच नाही. एक माणूस, एक ग्लास. त्यांनी मूठभर पालक, अर्धी काकडी, सफरचंदाच्या चार फोडी आणि थोडं पाणी टाकलं, झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. पाती हवेतच गरगरली. पाला उडून जारच्या भिंतीला वर जाऊन चिकटला आणि तळाशी हिरवट फेस तेवढा राहिला.

मग त्यांनी चष्मा लावला, पुस्तिका वाचली आणि मुकाट्याने रेघेपर्यंत भरलं. यंत्राने असा काही आवाज काढला की ओट्यावरचे चमचे नाचायला लागले. पाऊण मिनिटात सगळं एकजीव. त्यांनी ग्लास काठोकाठ भरला आणि जार वाकवून पाहिला. आत अजून एक ग्लास होता.

म्हणजे हे यंत्र एकट्या माणसासाठी नव्हतंच. बाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. एकट्या माणसासाठी तशी कुठलीच वस्तू नसते. पाव अख्खा घ्यावा लागतो, गादी दोघांची असते.

नकाशाबाई हे नाव त्यांना इमारतीनेच दिलेलं. एकतीस वर्षं त्या पाणीपुरवठा खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनियर कच्चे आराखडे द्यायचे आणि बाई ते ट्रेसिंगवर काळ्या शाईने उतरवायच्या. शहराच्या पोटात कुठून कुठे किती इंची नळ जातो, कुठे वळतो, कुठे झडप आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. रेघ चुकली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, नखाने तो भाग गुळगुळीत करायचा आणि पुन्हा काढायची. पुढे सगळं काम संगणकावर गेलं, बाई निवृत्त झाल्या, आणि नवरा तर त्याच्याही आधी गेला होता. लेक लग्न करून विमानाने नऊ तास लागतात अशा ठिकाणी राहत होती.

यंत्र तिनेच पाठवलेलं. बाईंच्या रक्ताचा रिपोर्ट फारसा बरा आला नाही, तेव्हा तिने फोनवर विचारलं होतं, "आई, तू जेवतेस तरी का?"

"जेवते की."

"काय जेवलीस आज?"

बाईंना पटकन आठवेना. तेवढं लेकीला पुरलं. पंधरा दिवसांत हा मोठा खोका दारात.

"रोज सकाळी कच्ची पानं, फळं घालून घ्यायचं. आणि रोज दोन फोटो पाठवायचे. एक जारमध्ये पाला घातल्यावर, एक ग्लासात ओतल्यावर. नाहीतर तू चार दिवस करशील आणि यंत्रावर रुमाल टाकून ठेवशील. मी ओळखते ना तुला."

फोटो गेला की काही वेळाने लेकीचा अंगठा यायचा, पिवळा, वर केलेला. कधी तासाभराने, कधी दुपारी. तो येईपर्यंत बाई फोन कुठल्याही खोलीत सोबत घेऊन फिरायच्या. तिथे रात्र असेल, झोपली असेल, कामात असेल, बरी असेल ना, असं मनात चालूच असायचं. अंगठा दिसला की जिवात जीव यायचा.

दुसऱ्या ग्लासाचं काय करावं हे मात्र त्यांना सुचेना. फ्रिजमध्ये ठेवला तर संध्याकाळपर्यंत वर तपकिरी थर यायचा आणि खाली पाणी उतरायचं. मोरीत ओतायला मन धजेना. शेवटी त्याच तो नाक दाबून पिऊन टाकायच्या. टेबलावर शेजारी शेजारी ते दोन ग्लास बघितले की कुणीतरी येणार आहे आणि उशीर होतोय असं उगाच वाटायचं.

आठव्या दिवशी फोटोत चुकून दोन्ही ग्लास आले. अंगठ्याऐवजी लेकीचा प्रश्न आला: दुसरा कोणाचा?

बाईंनी खरं लिहायला घेतलं होतं. पण बोटांनी भलतंच लिहिलं: शेजाऱ्यांचा. खालचे चष्मेवाले येतात.

लगेच फोन वाजला, तोही कामाच्या दिवशी. "अगं, किती छान! मला इतकी काळजी वाटायची, तू एकटी एकटी म्हणून. बरं झालं बाई, सोबत झाली तुला." तिच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की बाई नुसत्या 'हो ना' म्हणाल्या. आपण लेकीच्या छातीवर केवढा दगड होतो, तो असा एका थापेने उतरतो, हे कळल्यावर थाप मागे कशी घेणार?

चष्मेवाले खरोखरच खालच्या मजल्यावर राहत होते. समोरच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. माणूस शांत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. बारा वर्षांत त्यांचं आणि बाईंचं बोलणं झालं असेल ते लिफ्ट बंद आहे का आणि पाणी आलं का एवढंच. आता त्यांना वर बोलवायचं तरी कसं, या विचाराने बाईंनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र थांबतं न थांबतं तोच दारावर टकटक झाली.

दारात चष्मेवालेच उभे. केस विंचरलेले, शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली, चेहरा अवघडलेला. तक्रार करायची सवय नसलेल्या माणसाचा असतो तसा.

"बाई, एक विचारू का? रोज सकाळी तुमच्याकडे विमान उतरतं की उडतं?"

"उतरतं," बाई म्हणाल्या. "आणि रोज एक प्रवासी जास्त निघतो. या ना आत."

त्यांनी दुसरा ग्लास पुढे केला. चष्मेवाल्यांनी तो उजेडात धरून पाहिला, भिंगावर ओरखडा आहे का बघतात तसा. मग एक घोट घेतला.

"कसं लागतंय?"

"खरं सांगू? लहानपणी एकदा हिरवळीवर तोंडावर आपटलो होतो. तीच चव."

"मग राहू द्या."

"राहू द्या कशाला? लहानपण आठवलं म्हणतोय मी."

त्यांनी ग्लास रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी पुन्हा टकटक झाली. तिसऱ्या दिवशी बाईंनी दार आधीच उघडून ठेवलं.

त्या भेटी पंधरा मिनिटांच्याच असायच्या. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, बाई ओट्याला टेकून उभ्या. "आज कुठलं कुरण?" अशी त्यांची सुरुवात. एकदा त्यांनी खिशातून सुईएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाईंच्या चष्म्याची ढिली दांडी आवळून दिली. "दोन वर्षं बघतोय जिन्यात. हात शिवशिवत होते नुसते." बाई हसल्या. बाई त्यांना सांगायच्या की त्यांच्या दुकानाखालून आठ इंची बिडाचा नळ जातो आणि बरोबर दारासमोर त्याला झडप आहे. "म्हणजे मी बारा वर्षं तुमच्या रेघेवर बसून धंदा करतोय म्हणा की," ते म्हणायचे.

यंत्र बंद झाल्यावर घरात जी शांतता पडायची, तिच्यात बाईंना एक टिकटिक ऐकू यायची. बारीक, एकसारखी.

"तुमचं घड्याळ फार वाजतं हो," त्या एकदा म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी बाही किंचित खाली ओढली. "जुनं आहे," म्हणाले आणि विषय बदलला. "लेकीकडे कधी जाणार? बोलावत नाही का ती?"

"बोलावते हो. सारखी मागे लागलेली असते. मीच टाळते. थंडी ओसरली की तिकीट काढीन म्हणते."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की त्यांना स्वतःलाही खरं वाटलं. खरी गोष्ट अशी होती की दोन वर्षांपूर्वी त्यांनीच विचारलं होतं, येऊ का म्हणून. लेक म्हणाली होती, "बघू या आई, घर लहान आहे, जरा स्थिरस्थावर होऊ देत." त्या आठवड्यात घेतलेली बॅग कपाटावर होती, आतल्या कागदाच्या गोळ्यांसकट. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं आणि पुन्हा 'बघू' आलं तर काय, या भीतीने त्या दर आठवड्याच्या फोनवर हवापाण्याबद्दल बोलायच्या.

चष्मेवाले मात्र दर आठवड्याला विचारायचे. काढलं का तिकीट? नाही म्हटलं की ग्लासात बघत बसायचे.

महिना होत आला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की त्यांचा चेहरा ओढलेला दिसतोय. एक मजला चढून आले की बोलण्याआधी खुर्चीचा हात धरून उभे राहतात. समोरचं माणूस सुकलेलं दिसलं की त्यांना एकच उपाय ठाऊक, त्याला जास्त खायला घालायचं. त्यांनी पालक दुप्पट केला. दोन दिवसांनी धाप कमी होईना म्हणून वर केल नावाच्या कुरळ्या परदेशी भाजीची पानंही घातली, देठ काढून. रस इतका गडद झाला की ग्लासाच्या पलीकडचं दिसेना.

"आज कुरण नाही, जंगल आहे," चष्मेवाले म्हणाले आणि पिऊन गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत.

बाईंनी सव्वासातपर्यंत वाट पाहिली, मग साडेसात. खाली जाऊन दार वाजवलं. कुलूप होतं. दुकानाचं शटर खाली. शुक्रवारीही तेच. शनिवारीही. तिन्ही दिवस त्यांनी रेघेपर्यंत भरून यंत्र चालवलं आणि दोन्ही ग्लासांचा फोटो पाठवला. तिन्ही दिवस अंगठा आला. जिन्यात पाऊल वाजलं की त्या दारापर्यंत जायच्या. पाऊल वरच्या मजल्याला निघून जायचं. आपलं काही चुकलं का, नळाच्या गप्पांनी कंटाळले का, हेच डोक्यात घोळत होतं.

शनिवारी दुपारी त्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. तिथली औषधवाली सगळ्या गल्लीची खबर ठेवून असायची.

"चष्मेवाले? अहो काकू, दवाखान्यात नेलं त्यांना बुधवारी संध्याकाळी. दुकानातच धाप लागली. त्यांच्या हृदयात धातूची झडप आहे ना, तिच्यावर रक्ताची गुठळी धरली म्हणे."

"झडप?"

"दहा वर्षं झाली असतील. रक्त पातळ ठेवायची रोजची गोळी माझ्याकडूनच नेतात. माणूस असा नियमाचा, रक्त इतकं घट्ट झालंच कसं, डॉक्टरांना कळत नाहीये. मला फोन करून विचारलं, गोळी बदलून तर दिली नाही ना. त्यांना विचारतायत की पालेभाजी अचानक फार खाल्लीत का, तर ते ठामपणे नाही म्हणतात."

बाईंनी काउंटरची कड धरली. "पालेभाजीने काय होतं?"

"हिरव्या पाल्याने त्या गोळीचा जोर मोडतो. पालक सगळ्यात वाईट. आता तिकडे डोस वाढवत चाललेत. कारण कळलं नाही आणि डोस फार चढला तर उलटं होऊन रक्तस्राव व्हायचा. काकू, बसता का? पाणी देऊ?"

बाईंना पाणी नको होतं. त्या रस्त्यावर आल्या. आपण त्या माणसाला रोज सकाळी, हसत हसत, ग्लास भरभरून काय पाजत होतो. आणि त्याला हे ठाऊक होतं. ठाऊक असून तो पीत होता आणि आताही मूग गिळून पडला होता. सांगावं तर त्यांचं खोटं उघडं पडणार, आपण काय पाजलं तेही कळणार, आणि ती खुर्ची कायमची रिकामी. न सांगावं तर डॉक्टर अंधारात गोळ्या वाढवत राहणार. फुटपाथवर उभ्या उभ्या बाईंनी हे सगळं एकदाच मनात फिरवलं. मग घरीसुद्धा न जाता त्यांनी दवाखान्याची बस धरली.

तिथली डॉक्टर लेकीपेक्षाही लहान होती. बाईंनी फोन तिच्या हातात दिला. "यात रोजचे फोटो आहेत. तारखा आहेत. पाला किती घातला ते दिसतं. यातला एक ग्लास त्यांचा."

डॉक्टर बोटाने एकेक फोटो सरकवत गेली. सुरुवातीचे पोपटी ग्लास, मग हिरवे, मग ते काळपट. शेवटच्या दिवसांवर ती थांबली आणि भुवया वर झाल्या. "काकू, हे दोन माणसांचं आहे की एखाद्या तबेल्याचं?"

"मला वाटलं, अशक्तपणा आहे," बाई म्हणाल्या.

"चला माझ्याबरोबर."

चष्मेवाले खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसले होते. दाढी वाढलेली, मनगटात सुई. बाईंच्या हातातला फोन आणि शेजारी डॉक्टर बघून त्यांचा चेहरा शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखा झाला. दोन्ही मनगटं उघडी होती, कुठेही घड्याळ नव्हतं. पण टिकटिक होती. छातीतून येत होती, पातळ चादरीखालून, बारीक, एकसारखी.

"काका," डॉक्टर म्हणाली, "मी तुम्हाला तीनदा विचारलं, पालेभाजी वाढवलीत का. तुम्ही काय सांगितलंत?"

"तुम्ही भाजी विचारलीत. मी भाजी खाल्ली नाही. प्यायलो."

"वा. आणि सकाळी छान गप्पा होत्या म्हणून गुठळी लाजून परत जाणार होती का?"

डॉक्टरने फाइल उघडली. "हे बघा, पाला तुम्हाला विष नाही. वरखाली झाला की घोटाळा होतो. म्हणजे दोन रस्ते आहेत. एक, हा रस कायमचा बंद. दुसरा, रोज एक ग्लास, तेच माप, तोच पाला, आणि आम्ही गोळी त्या हिशोबाने बसवू. पण मग रोज म्हणजे रोज. चार दिवस आहे, चार दिवस नाही, असं चालणार नाही. घरी गेल्यावर दर आठवड्याला रक्त तपासायचं. कुठला रस्ता ते आताच सांगा, मला डोस लिहायचाय."

"बंद," चष्मेवाले लगेच म्हणाले. "उगाच कुणावर बंधन नको. बाई लेकीकडे जायच्या आहेत. थंडी ओसरली की."

डॉक्टरने पेन टेकवलं.

बाई खाटेच्या लोखंडी दांडीकडे बघत होत्या. रंगाचा एक पापुद्रा निघाला होता. नखाने त्यांनी तो गुळगुळीत करायचा प्रयत्न केला.

"मी कुठेही जात नाहीये," त्या म्हणाल्या. "मला कोणी बोलावलेलं नाही."

हे त्यांनी दोन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, आरशासमोरसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाप्याने मान वळवून पाहिलं. टिकटिक चालूच होती.

"पालक मला मुळीच आवडत नाही," चष्मेवाले म्हणाले. "काकडी जास्त घालाल?"

"घालीन."

"आणि ते दुसरं, कुरळं, जंगली?"

"ते बंद."

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फाइलमध्ये लिहिलं. मग बाईंना सांगितलं, वीस पानं, मध्यम, देठाशिवाय, रोज तेवढीच. यांना अजून निदान नऊ दिवस इथे राहावं लागेल, आणि इथून सोडल्यावरच सुरू करायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दोघांची मिळून चाळीस पानं मोजून जारमध्ये दाबली. ट्रंकेतल्या जुन्या सामानातून ड्रॉइंग पेन शोधून काढलं, नशिबाने शाई अजून ओली होती, आणि पाल्याच्या उंचीवर जारला एक रेघ काढली. ती केसभर वर गेली. त्यांनी ब्लेडने हलकेच खरवडली, नखाने जागा गुळगुळीत केली आणि पुन्हा काढली. आता जारवर दोन रेघा झाल्या, एक कारखान्याची, एक त्यांची.

खाली कुलूप होतं. नऊ दिवस म्हणजे तसे फार नव्हते. पण दोन ग्लास टेबलावर ठेवून खुर्चीकडे बघितलं तेव्हा ते बरेच वाटले. दवाखान्यातून माणसं परत येतातच असं नाही, हे त्यांना नवऱ्यामुळे माहीत होतं. तो विचार त्यांनी अर्ध्यावरच सोडला.

फोटो काढला. पाठवण्याआधी त्याच्याखाली त्यांनी सावकाश लिहिलं: मध्ये मी येऊ का विचारलं होतं ते आता राहू दे. इथे रोजचं एक काम आहे, ते सोडून निघता येणार नाही. तू स्वतःला जप.

फोन घेऊन त्या खोल्यांमधून हिंडल्या. अंथरूण घडी केलं, कुंडीला पाणी घातलं, कपाटावरची बॅग उतरवून पुसली आणि पुन्हा वर ठेवली. लेक काही विचारेल, का गं असं म्हणेल, निदान फोन करेल, असं मनाच्या एका कोपऱ्यात होतंच. पावणेअकराला फोन थरथरला.

अंगठा आला होता.

बाईंनी तो थोडा वेळ पाहिला. मग फोन पालथा ठेवला आणि आपला ग्लास प्यायल्या. नंतर दुसराही, नाक न दाबता, कारण तो आता रोज बनणारच होता आणि ते परत येईपर्यंत त्याचं काहीतरी करायलाच हवं होतं. जारमध्ये पाणी आणि साबणाचा थेंब घालून त्यांनी यंत्र पुन्हा एकदा फिरवलं. ओट्यावरचे चमचे नाचले. खालच्या मजल्यावर कुणाला त्रास होण्यासारखं नव्हतं. यंत्र थांबल्यावर नेहमीची ती शांतता पडली आणि बाई, ऐकू येण्यासारखं काही नाही हे माहीत असून, जार हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.